सत्तरचा वेग आणि सहावा मजला

पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात मोटरसायकल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या ऊस हंगामात आमच्या बायपासच्या फाट्याजवळ एक अपघात झाला. रात्रीची वेळ. कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी, मागे रिफ्लेक्टर नाही. मोटरसायकलवरची दोन पोरं थेट त्यावर जाऊन आदळली. एक जागीच गेला. मी बातमी केली आणि त्यात एक वाक्य टाकलं : 'दुचाकीचा वेग फार नव्हता, साठ-सत्तर असावा, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले.'

सकाळी फोन वाजला. आम्हाला हायस्कूलला विज्ञान शिकवणारे सर. आता निवृत्त आहेत, पण पेपर लाल पेन घेऊनच वाचतात.

"काय रे, बातमी तुझीच ना? सत्तर म्हणजे फार नव्हता, हे कुठून काढलंस?"

म्हटलं, "सर, लोक म्हणाले तसं लिहिलं."

"लोक म्हणाले! नववीत गतीची समीकरणं शिकवली होती तुला. सत्तरच्या वेगाने आदळणं म्हणजे किती उंचावरून पडणं, हे काढ आणि मग मला फोन कर."

वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय, पण त्या दिवशी परत वही घेऊन बसलो. सत्तर किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेएकोणीस मीटर. त्याचा वर्ग करायचा आणि ९.८ च्या दुपटीने भागायचं. उत्तर आलं एकोणीस मीटरच्या वर. म्हणजे सहा मजली इमारतीची गच्ची. आमच्या गावात सहा मजली इमारतच नाही, म्हणून कुणाला अंदाज येत नसावा.

मग उलट तपासलं. चाळीसच्या वेगाला सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजले. ऐंशीला पंचवीस मीटर, आठ मजले. वेग दुप्पट झाला आणि उंची चौपट. हे मनाला पटेना. म्हणून हे समीकरण आलं कुठून, ते शोधत बसलो. आणि तिथे जे सापडलं त्याने थोडा धीर आला, कारण नेमकी हीच चूक खुद्द गॅलिलिओने केली होती.

गोष्ट सुरुवातीपासून सांगतो. जड वस्तू वेगाने पडते आणि हलकी सावकाश, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला आणि युरोपातल्या विद्यापीठांनी ते शतकानुशतके शिकवलं. शंका घेणारे नव्हते असं नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने लिहून ठेवलं होतं की वजनात पुष्कळ फरक असला तरी पडायच्या वेळेत फरक अगदी थोडा दिसतो. १५८६ मध्ये हॉलंडच्या सायमन स्टेव्हिनने शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून फळीवर सोडल्याचं छापलं. आवाज एकच आला.

आणि पिसाचा झुकता मनोरा? ती गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात त्या जाहीर प्रयोगाचं वर्णन नाही. ती आली त्याचा शिष्य व्हिव्हियानी याने नंतर लिहिलेल्या चरित्रातून. म्हणजे ऐकीव बातमी चारशे वर्षं चालू शकते. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

खरा प्रश्न मनोऱ्याचा नव्हताच. दोन वस्तू बरोबर पडतात हे ठीक, पण पडताना वेग वाढतो कसा? १६०४ च्या ऑक्टोबरमध्ये गॅलिलिओने व्हेनिसचा विद्वान मित्र पाओलो सार्पी याला पत्र लिहिलं. त्यात अंतराचा नियम बरोबर होता, पण कारण चुकीचं होतं. त्याने धरलं होतं की वस्तू जितकं अंतर खाली येते त्या प्रमाणात वेग वाढतो. दुप्पट उंची, दुप्पट वेग. तुम्हा-आम्हाला वाटतं तेच त्यालाही वाटलं.

पुढे काही वर्षांत त्याने ते सोडलं. वेग वाढतो तो अंतराच्या नाही, वेळेच्या प्रमाणात. मग वेग दुप्पट व्हायला उंची चौपट लागते. आणि हे त्याने नुसतं मनाने ठरवलं नाही. सरळ पडणारी वस्तू मोजायची तर तेव्हा तेवढं अचूक घड्याळ कुठे होतं? म्हणून त्याने पडणंच सावकाश केलं. सात मीटरच्या आसपास लांब लाकडी तुळई, तिला बोटभर रुंद खाच, आत गुळगुळीत चर्मपत्र, आणि तुळई थोडी तिरकी करून वरून सोडलेली काशाची गोळी. वेळ मोजायला पाण्याने भरलेलं मोठं भांडं, खाली बारीक नळी. गोळी सुटली की पाणी सोडायचं, पोचली की थांबवायचं आणि जमलेलं पाणी तराजूत तोलायचं. हे शंभर-शंभर वेळा केल्याचं त्याने लिहिलं आहे.

हिशोब असा निघाला : पहिल्या क्षणात एक भाग, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. बेरीज करत जा, एक, चार, नऊ, सोळा. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आपल्या पुस्तकातली अक्षरी समीकरणं नंतरच्या लोकांनी मांडली, पण गाभा हाच.

हे पुस्तक १६३८ मध्ये आलं, तेही इटलीत नाही, हॉलंडमधल्या लायडन गावात. १६३३ च्या खटल्यानंतर गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत होता, पुस्तकं छापायला बंदी होती आणि डोळेही गेले होते. पुस्तक संवादरूपात आहे. त्यातलं एक पात्र तीच जुनी चूक मांडतं, तेव्हा दुसरं म्हणतं की आपला लेखकही काही काळ याच चुकीत होता. सत्तरी ओलांडलेला, आंधळा, कैदेतला माणूस स्वतःची चूक स्वतःच्याच पुस्तकात छापून घेतो! आम्ही खुलासा छापतो तो आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरात.

आणखी एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. बोलोन्याचा रिच्चोली. जेझुइट पाद्री, पृथ्वी फिरते हे न मानणारा, म्हणजे गॅलिलिओच्या विरुद्ध पक्षातला. त्याने गॅलिलिओचे आकडे तपासायचे ठरवले. आधी लंबकाचे झोके चोवीस तास मोजून लंबक पारखून घेतला. मग बोलोन्याच्या शंभर मीटरच्या आसपास उंच असिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले. गॅलिलिओने एके ठिकाणी दिलेला आकडा, शंभर हात उंचीला पाच सेकंद, साफ चुकीचा निघाला. पण एक-तीन-पाच-सातचा नियम बरोबर निघाला. रिच्चोलीने काय केलं? गॅलिलिओचा शिष्य काव्हालिएरी त्याच गावात प्राध्यापक होता, त्याला जाऊन निकाल सांगितला. १६५१ मध्ये ग्रंथात छापलाही. विरोधकाचं जे बरोबर ते बरोबर, जे चूक ते चूक. आपल्या चावडीवर असं शेवटचं कधी ऐकलंत?

आता परत आपल्या फाट्यावर या. नवा काँक्रीटचा रस्ता झाला, गाड्या पळू लागल्या. चाळीसवाला ऐंशीवर गेला की आपण म्हणतो, डबल स्पीड. नाही. आदळला तर मार चौपट. ब्रेक दाबला तर गाडी थांबायला जागाही चौपट. पोराने ट्रॉली बघितली नसेल असं नाही. बघितली असेल, पण थांबायला जागा उरली नसेल. आणि मागे रिफ्लेक्टर असता तर तीच जागा त्याला आधीपासून मिळाली असती. दोष फक्त पोराचा नाही. फाट्यावर दिवा नाही, फलक नाही, आणि मोजून लिहिण्याऐवजी 'फार नव्हता' लिहिणारा मीही त्यात आलो.

सरांना फोन केला. "सर, सहा मजले."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आता हे छाप."

म्हणून हा खुलासा, पहिल्या पानावर. वेग फार होता. या हंगामात ट्रॉल्या परत रस्त्यावर येतील. ट्रॉलीमालकांनी पट्ट्या लावून घ्या, ग्रामपंचायतीने फाट्यावरच्या दिव्यासाठी ठराव करा. आणि पोराच्या हातात चावी देताना एवढंच विचारा : सहाव्या मजल्यावरून उडी मारशील का?