डोहाकडून धरणाकडे : हिंगोलीच्या भोयांचे बदलते पाणी

मासेमारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या हिंगोलीचे नाव या संदर्भात सहसा कुणी घेत नाही. पण पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या काठी भोई समाजाच्या कित्येक पिढ्या पाण्यावरच जगल्या.

पाण्यावर जगणे म्हणजे नुसते मासे मारणे नव्हे. पावसाळ्यात नदी दुथडी भरली की भोई माणसांना पैलतीरी नेत असे. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड हे त्याचे वाहन. लग्नसराईत तो पालखी-मेण्याला खांदा देई. पूर ओसरला की फेकजाळे घेऊन डोहांवर जाई आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या पात्रात खरबूज-टरबुजाच्या वाड्या लावी. नदी वर्षातून तीनदा रूप बदलते, तर आपणही धंदा बदलावा, असे हे साधे व्यवहारज्ञान होते. डोहातला मासा कुणी पेरलेला नव्हता. त्यामुळे तो कुणा एकाच्या मालकीचाही नव्हता.

१९६० च्या दशकात पूर्णा प्रकल्प उभा राहिला. वर येलदरी, खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर. पुढे पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले. कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडची शिवारे ओली झाली, हा लाभ मोठाच. पण भोयाच्या दृष्टीने वाहती नदी गेली आणि अथांग उभे पाणी आले. खोल पाण्यात फेकजाळे चालेना. मग भिंतीसारखे उभे राहणारे नायलॉनचे जाळे आले. भोपळ्याच्या सांगडीची जागा पुढे ट्रकच्या ट्यूबने आणि थर्माकोलच्या तराफ्याने घेतली. धरणाने बदललेले जगणे या माणसांनी आपल्या अकलेने सावरले.

मासाही बदलला. मरळ आणि वाम यांच्या जोडीला कटला, रोहू, मृगळ आले. या माशांची उभ्या पाण्यात सहसा वीण होत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून धरणात बोटुकली सोडायची आणि वाढलेला मासा धरायचा, ही रीत पडली. इथेच एक मोठा फरक पडला. बीज विकत आणायचे म्हणजे भांडवल आले. भांडवल आले म्हणजे मालकी आली. त्यातून मच्छीमार सहकारी संस्था, हेक्टरवर ठरणारा ठेका आणि सभासदत्वाचे कागद आले. काल नदीवर हक्काने जाणारा माणूस आज कागदाने पाण्यात उतरतो.

आता खरा प्रश्न दुष्काळाचा. १९७२ असो की २०१५-१६, मराठवाड्यात पाणी आटले की पिण्याला पहिला मान, आणि तो असलाच पाहिजे. पण ज्या पाण्यात बोटुकली सोडली ते पाणीच कालव्याने निघून गेले, तर संस्थेचे भांडवल कुठे गेले? अशा वेळी मच्छीमार काय करतो? हाती लागेल तो मासा, लहान असला तरी, धरून घेतो. चिलापी विकतो, कारण ती उभ्या पाण्यात आपसूक वाढते, बीज मागत नाही. तेही सरले की वीटभट्टी गाठतो किंवा ऊसतोडीला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला बारीक आसाचे जाळे हा नियमभंग दिसतो. उद्या हे पाणी राहणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो शहाणपणा वाटतो. केवळ दंड करून हे थांबणार नाही; मासा वाढेपर्यंत पाणी राहील, अशी खात्री त्याला मिळाली पाहिजे.

शेतकऱ्याच्या पिकाची पैसेवारी काढली जाते. धरणातल्या मासळीची पैसेवारी कुणी काढत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मग पुढचे पाऊलही टाकावे. ठेक्याची रक्कम प्रत्यक्ष पाणीसाठ्याशी जोडावी, टंचाईची सवलत अर्जविनंतीवर न सोडता आधीच नियमात लिहावी आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक मच्छीमार संस्थांना आगाऊ कळवावे. आषाढ-श्रावणात नदी जिथे धरणाला मिळते तिथे चढणीचे मासे अंडी घालायला वर जातात. ते मुख त्या दिवसांत मोकळे ठेवले, तर गावठी मासा फुकट वाढेल.

हे काम मच्छीमारांना जमेल का? मध्य प्रदेशातील तवा धरणाच्या विस्थापितांना १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळाला. त्यांच्या तवा मत्स्य संघाने पावसाळ्यातली बंदी पाळली, बीज सोडले, राखणही केली. २००६ साली मुदत संपली आणि हक्क गेला. जमण्याचा प्रश्न तिथेच सुटला होता. कमी पडली ती हक्काची शाश्वती.

भोपळ्याच्या सांगडीपासून थर्माकोलपर्यंत भोई पाण्याप्रमाणे बदलत आला. आता नियमांनीही पाण्याप्रमाणे बदलायला शिकले पाहिजे.