कणगीत किती दिवस?

रेवसला वर्षाचा हिशेब डिसेंबरात नाही, मे महिन्यात होतो. कणगीत भात किती उरलाय, मसाला कुटून झाला का, सुक्या बोंबलांचे जुडे किती घ्यायचे, कांद्याच्या माळा किती, लाकूडफाटा कौलाखाली आला का. या सगळ्या खटाटोपाला आमच्या भागात एकच शब्द आहे : आगोट. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. त्या तोंडावर जी खरेदी आणि साठवण होते, ती आगोटची बेगमी.

इन्स्टाग्रामवर मे महिन्यात आगोटच्या बाजाराचे रील्स येतात. सुकट, जवळा, वाकट्या, पांढरा कांदा, मागे एखादं कोळीगीत. बघायला छान वाटतं. पण आगोटचा इतिहास हा पदार्थांचा इतिहास नाही. घरात किती दिवसांचं अन्न आहे आणि ते घरात राहू द्यायचं की नाही हे कोण ठरवतं, याचा तो इतिहास आहे. माझं आजोळ रेवसचं. शिक्षणाने मी इंजिनिअर, त्यामुळे मला या गोष्टीत आधी यंत्रणा दिसली आणि राजकारण नंतर. त्याच क्रमाने सांगतो.

नकाशा उघडून बघा. रेवस धरमतर खाडीच्या तोंडाशी आहे. समोर पाण्यापलीकडे उरणचं करंजा, उत्तरेला मुंबई. मुंबई डोळ्यांना दिसते इतकी जवळ, पण रस्त्याने जायचं तर पेण-पनवेलचा मोठा वळसा. म्हणून पिढ्यानपिढ्या खरा रस्ता पाण्याचाच : भाऊचा धक्का ते रेवस. आणि पावसाळ्यात हा रस्ता भरवशाचा नसतो. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढातला समुद्र काय करू शकतो, हे या किनाऱ्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही. मासेमारीही तेव्हा थांबते. आज सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या पाण्यात जायच्या. म्हणजे समुद्र बंद, शेतात भाताचं रोप अजून कोवळं, चिखलाने वाटा बंद. जे आहे ते घरात असलं पाहिजे.

देशावरच्या माणसाने याच प्रश्नाला पेव हे उत्तर काढलं. जमिनीत खोल खड्डा, आत धान्य, वरून तोंड बंद. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती, २००५च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. कोकणात मात्र पेव चालणारच नाही. इथे पावसाळ्यात जमिनीखाली हातभर गेलात की पाणी. म्हणून इथली साठवण जमिनीच्या वर आहे. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली उंच टोपली, शेणामातीने लिंपलेली, खाली दगड किंवा लाकडं देऊन उचललेली. तिच्यात तांदूळ नाही, भात ठेवायचा, म्हणजे टरफलासकट. टरफल हेच पॅकेजिंग, किड्याला सहज आत शिरता येत नाही. लागेल तसा कांडायचा. भात साठवताना त्यात पाण्याचा अंश साधारण १२ ते १४ टक्के असावा असं आजचं कृषिशास्त्र सांगतं. माझी आजी भाताचा दाणा दाताखाली धरते. कट्‌कन फुटला तर कणगीत, नाहीतर अजून एक ऊन.

बोंबलाचं गणित तर आणखी कडक. ताज्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणून रेवसशेजारच्या बोडणीसारख्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगतात. वारा सगळ्या बाजूंनी फिरतो, मीठ लागत नाही. खाडीकाठाला मिठाची आगरं असली, तरी मीठ फुकट नव्हतं. १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी, मणामागे सव्वा रुपया कर होता. जी मासळी नुसत्या उन्हावाऱ्यावर टिकते तिचं मोल घरात वेगळंच. पांढऱ्या कांद्याची माळही तशीच. पातीची वेणी घालून टांगली की प्रत्येक कांद्याला हवा मिळते आणि एक सडला तर शेजारचा वाचतो. अलिबागच्या या कांद्याचा उल्लेख १८८३च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये आहे, आणि २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाल राखेत घोळवलेले, कैरीची आंबोशी, मीठ लावलेल्या चिंचेचे गोळे, फणसाच्या आठळ्या. आणि चुलीवर शिंक्यात टांगलेली सुकी मासळी, कारण भर पावसात ओल शोषायला धुरासारखं दुसरं काही नाही. या सगळ्यात कुठेही वीज नाही आणि जवळजवळ सगळं काम बायांचं आहे. मे महिन्याच्या उन्हात, घरातली बाकीची कामं उरकून.

इथपर्यंतची गोष्ट रील्समध्ये बसते. पुढची बसत नाही.

एक हिशेब करू. आकडे माझे आहेत, सोयीसाठी गोल केलेले. पाच माणसांचं घर, माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे दिवसाला २ किलो. मासळी-भात हेच जेवण असलेल्या, अंगमेहनतीच्या घराला हे जास्त नाही. समजा शेतात २,००० किलो भात पिकला. जमीन स्वतःची असेल तर त्यातून साधारण १,३०० किलो तांदूळ निघेल. पावणेदोन वर्षं पुरेल. प्रश्नच मिटला.

आता हेच घर कुळाचं आहे असं समजा. अर्धा भात खोताचा. उरले १,०००. पुढच्या पेरणीचं बी ६० किलो. गेल्या पावसाळ्यात २०० किलो भात दिढीने घेतला होता, म्हणजे दीडपटीने फेडायचा : ३०० किलो. हाती उरला ६४० किलो भात, त्याचा तांदूळ ४१५ किलोच्या आसपास. दिवसाला २ किलोने २०८ दिवस. १ डिसेंबरला कणगी भरली तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिचा तळ दिसतो. लावणी तोंडावर, समुद्र बंद, मजुरी नाही. हळवा भात हाती यायला अजून तीनेक महिने. तेवढ्यासाठी पुन्हा सुमारे ३०० किलो भात दिढीने. फेड ४५०. पुढच्या वर्षी कणगी मे महिन्यातच रिकामी.

प्रोग्रामिंग केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. हा असा लूप आहे ज्यातून बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही. दर फेरीला एक व्हेरिएबल वाढत जातं आणि ते म्हणजे कर्ज. यात कुणी आळशी नाही, कुणी उधळ्या नाही, आजीने भात नीट वाळवलेला आहे, कणगी उत्तम लिंपलेली आहे. साठवणीचं तंत्र शंभर टक्के बरोबर असूनही घर उपाशी राहतं, कारण चूक कणगीत नाही, वाटपात आहे.

हे गणित कागदावर न मांडताही या तालुक्यातल्या लोकांना कळलं होतं. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असा संप पुकारला गेला. नेते होते नारायण नागू पाटील. २५ गावांतली कुळं त्यात उतरली. हा संप १९३९पर्यंत चालला. म्हणजे सहा पावसाळे.

सहा पावसाळे शेत पेरलं नाही म्हणजे काय, हे आगोटच्या भाषेत वाचून बघा. सहा वेळा मे महिना आला आणि कणगीत नवा भात नव्हता. कारखान्यातला कामगार संपावर जातो तेव्हा त्याचा पगार थांबतो. शेतकरी संपावर जातो तेव्हा त्याचं ताट थांबतं. लोकांनी रानातून लाकूडफाटा आणून विकला, करवंदं विकली, खाडीत मासळी आणि चिंबोऱ्या धरल्या. हा सगळा खाडी-डोंगराचा पसारा म्हणजे त्यांची दुसरी कणगी होती. तिच्यावर खोताचा अर्धा वाटा नव्हता. माझ्या मते हा संप टिकण्यामागे पुढाऱ्यांच्या भाषणांइतकाच या दुसऱ्या कणगीचा हात आहे. निव्वळ शेतीवर जगणारा, खाडी नसलेला मुलूख सहा वर्षं तग धरू शकला असता का, याची मला शंका आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. १९३९मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, १९४८मध्ये कूळकायदा, १९४९मध्ये खोती रद्द करणारा कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषिदिन, ज्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक ठरलं. कायद्याच्या पुस्तकात या चार ओळी आहेत. कणगीत त्यांचा अर्थ एवढाच : लूपमधून बाहेर पडायची अट अखेर लिहिली गेली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट बदलली. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. सरकारचं गोदाम प्रथमच घराच्या साठवणीचा भाग बनलं. आज अन्न सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे २०१३पासून, प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. वरच्या हिशेबात एका माणसाला महिन्याला १२ किलो लागत होते. म्हणजे जेमतेम बारा-तेरा दिवसांचं. पण ते बारा दिवस दिढीने घेतलेले नाहीत, हा फरक माझ्या आजीच्या पिढीला चांगला ठाऊक आहे.

मग आज आगोटची गरज काय? रस्ते झाले, रो-रो बोट मांडव्याला लागते, रेवस-करंजा पुलाचं काम सुरू झालंय. याचं एक उत्तर ३ जून २०२०ला मिळालं. लॉकडाऊन होतं, मी लॅपटॉप घेऊन आजोळीच अडकलो होतो, आणि निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मोबाइलला रेंज नाही, फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. ऑनलाइन पैसे होते, ते कुठे वापरणार? पण तारीख बघा : जूनचा पहिला आठवडा. म्हणजे आगोट नुकतीच भरून झाली होती. चुलीवर भात, सुकटीची चटणी, कांदा. आजीला मी म्हटलं, बरं झालं तू सगळं भरून ठेवलंस. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. म्हणाली, “घरान भात हाय ना, मंग कोनाला भ्यायचा नाय.”

हे वाक्य मी तेव्हा वादळाबद्दल घेतलं. चरीचा इतिहास वाचल्यावर लक्षात आलं की तिच्या आधीच्या पिढीसाठी ते खोताबद्दल असणार.

आता नवी मुंबईतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार-पाच दिवस पुरेल एवढं सामान असतं. दहा मिनिटांत घरपोच येतं, त्यामुळे अडत काही नाही. माझी कणगी बँकेत आहे. ज्या कंपनीत मी आधी होतो तिथे एका तिमाहीत कपातीच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा टीममधल्या प्रत्येकाने मनातल्या मनात एकच भागाकार केला : शिल्लक भागिले महिन्याचा खर्च. ज्यांचं उत्तर सहा महिने आलं ते मीटिंगमध्ये प्रश्न विचारत होते. ज्यांचं उत्तर वीस दिवस आलं ते गप्प होते, आणि त्यातले बहुतेक आमच्यातले सर्वात हुशार होते. ईएमआय, क्रेडिट कार्ड, ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ ही दिढीचीच आजची नावं आहेत असं मी म्हणणार नाही. दिढीत पोट अडकलेलं होतं, आमचं बहुतेकांचं फोन आणि बाइक अडकलेली असते. पण रिकाम्या कणगीचं माणसाच्या आवाजाशी असलेलं नातं तेच आहे.

म्हणून आगोट मला ‘जुनं ते सोनं’ या सुरात आठवायची नाही. ती कष्टाची होती, बायांच्या कमरेवर उभी होती, आणि कायदा बदलेपर्यंत तिने अनेक घरांना वाचवलंही नाही. पण तिच्यात एक प्रश्न होता जो दर मे महिन्यात प्रत्येक घराला मोठ्याने विचारावा लागायचा : बाहेरचं सगळं बंद झालं तर आपल्याकडे किती दिवस आहेत, आणि ते दिवस कुणाच्या मेहेरबानीवर आहेत?

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर हे विचारून बघा. तुमच्याकडे कणगी होती की पेव की लोखंडी कोठी, ती कुठल्या महिन्यात रिकामी व्हायची, आणि रिकामी झाल्यावर कुणाच्या दारात जावं लागायचं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण थोडं थांबतात. घाई करू नका. आणि उत्तर मिळालं तर तारखेसकट लिहून ठेवा, कारण गॅझेटिअरमध्ये कांद्याचा उल्लेख सापडतो, या दाराचा सापडत नाही.