निरोपाची मेजवानी

मराठीत ‘निरोप’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. पाहुणा निघाला की त्याला आपण निरोप देतो, आणि गावाहून काही कळवणे आले तर तोही निरोपच! जाणाऱ्याची पाठवणी आणि सांगणाऱ्याचे सांगणे, दोन्हींचे काम एकाच शब्दावर भागते.

गेल्या वर्षी माझा भाचा नोकरीनिमित्त परदेशी निघाला, तेव्हा आम्ही आमच्या घरी वीस-पंचवीस माणसांना जेवायला बोलावले होते. श्रीखंड-पुरीचा बेत होता. पंगती उठल्या, पानसुपारी झाली, आणि जो तो त्या पोराला बजावू लागला, “जातो म्हणू नये रे, येतो म्हणावे.” त्या गलबल्यात मला एका फार जुन्या मेजवानीची आठवण झाली. वाचकहो, तिचीच हकीकत आज सांगणार आहे.

ही मेजवानी १८९४ सालच्या मध्यास झाली, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत, दरबान शहराच्या सिडनहॅम या उपनगरात. यजमान होते दादा अब्दुल्ला, मूळचे पोरबंदरचे बडे व्यापारी. उत्सवमूर्ती होते त्यांच्याच कामासाठी आलेले चोवीस वर्षांचे बॅरिस्टर, मोहनदास गांधी. करार एका वर्षाचा. जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याजेवण्याचा खर्च आणि वर एकशे पाच पौंड. दावा चाळीस हजार पौंडांचा आणि तोही नात्यातल्या माणसावर. गांधींनी उभय पक्षांना लवादाकडे नेले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. पण एकदम वसुली केली तर समोरचा बुडेल, म्हणून हप्त्यांनी पैसे घ्यायलाही त्यांना राजी केले. काम संपले. आता बोटीत बसायचे एवढेच राहिले होते.

सबंध दिवस हसतखेळत घालवावा असा बेत होता. तेथे पडलेली वर्तमानपत्रे चाळता चाळता गांधींची नजर एका कोपऱ्यातल्या बारीक मजकुरावर गेली. हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक नाताळच्या विधिमंडळात आले होते. त्यांनी यजमानांना विचारले, तर शेठजींना त्याची दाद नव्हती. वर्तमानपत्र ते घेत, पण बाजारभाव पाहण्यापुरते!

आपण हसू नये. आपल्यापैकी किती जण घरी येणारे पत्र पूर्ण वाचतात?

मामला मात्र साधा नव्हता. उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून हिंदी मजूर करारावर नाताळात नेले जात होते. त्यांना तेथे ‘गिरमिटिये’ म्हणत. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. १८९३ मध्ये वसाहतीच्या गोऱ्यांना स्वतःचा कारभार मिळाला, आणि लगोलग हिंदी माणसाच्या मतावर त्यांचा डोळा गेला. मते तरी किती? अवघी अडीचशेच्या आसपास! पण आज मत गेले तर उद्या दुकान जाईल आणि परवा घर, हे त्या तरुण वकिलाने ओळखले.

पाहुणे ऐकत होते. एक जण म्हणाला, बोटीचे तिकीट रद्द करा आणि महिनाभर राहा. तुम्ही सांगाल तसे आम्ही लढू. बाकीच्यांनीही तोच धोशा लावला. शेठजी पक्के व्यापारी. आता यांना ठेवून घेण्याचा हक्क तुमचाही तितकाच आहे, पण हे बॅरिस्टर, यांच्या फीचे काय, असा त्यांनी प्रश्न टाकला. गांधींनी सांगितले, लोककार्याला फी नसते. तारा आणि छपाई यांचा खर्च करा आणि हाताखाली माणसे द्या. झाले! निरोपाची मेजवानी होती, तिची कार्यकारिणी झाली.

लगेच तारा सुटल्या आणि विधेयकाची चर्चा दोन दिवस लांबली. अर्जाच्या प्रती हाताने उतरवायला रात्र गेली. व्यापारी मंडळी आपापल्या गाड्यांतून सह्या गोळा करीत हिंडली. विधेयक अखेर मंजूर झालेच. मग पंधरवड्यात दहा हजार सह्या जमवून विलायतेत वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांच्याकडे अर्ज गेला. ऑगस्टात नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. आणि गंमत अशी, की निघताना देण्यासाठी म्हणून शेठजींनी जी थैली योजली होती, तिच्याऐवजी त्यांनी गांधींच्या बिऱ्हाडाला लागणारे सामान घेऊन दिले!

लढा जिंकला असे मात्र म्हणवत नाही. विलायत सरकारने तो कायदा मान्य केला नाही. पण १८९६ मध्ये हिंदी लोकांचे नाव न घेता तेच काम करणारा दुसरा कायदा आला. शिवाय त्या मेजवानीत जे जमले होते ते व्यापारी. मळ्यावरचा मजूर त्या पंक्तीला नव्हता. काँग्रेसची वर्गणीही त्याला परवडणारी नव्हती. पुढे काही महिन्यांनी मालकाने मारून दात पाडलेला बालसुंदरम् हातात मुंडासे घेऊन गांधींच्या दारात आला, तेव्हा कुठे त्यांचा गिरमिटियांशी संबंध जडला.

पुढे १९०१ मध्ये पुन्हा निरोप घेण्याची वेळ आली. सोन्याचांदीच्या, हिऱ्यांच्या भेटी आल्या. कस्तुरबांना पन्नास गिनींचा हार मिळाला. गांधींना रात्रभर झोप आली नाही. हे सारे लोककार्यासाठी परत करायचे, असे त्यांनी ठरवले. कस्तुरबा कडाडल्या : तुम्हाला नको, मुलांना नको, पण उद्या सुना येतील त्यांचे काय? आणि तुमची सेवा ती माझीही नव्हे काय? रात्रंदिवस राबले ते कुणासाठी? हा घाव वर्मी बसल्याचे गांधींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दागिने परत गेले खरे, पण त्या माउलीचा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही.

वर्षभरात गरज पडली तर परत येईन, या अटीवरच तेव्हा त्यांना सोडले होते. आणि १९०२ अखेर ते खरोखरच परत गेले. ‘येतो’ म्हणणे याला म्हणतात! कायमचा निरोप १८ जुलै १९१४ रोजी झाला. नामदार गोखल्यांनी लंडनवरून या म्हणून कळवले होते, म्हणून केपटाउनहून बोट तिकडे निघाली. एका वर्षाच्या कराराला एकवीस वर्षे लागली.

मला वाटते, निघणाऱ्या माणसाला घरच्यांपेक्षा अधिक दिसते. आपण रोजच्या बाजारभावात गुंतलेले असतो. म्हणून मंडळी गेल्यावर मी भाच्याला बाजूला घेतले आणि विचारले, “बाळ, आमच्या घरात आम्हाला दिसत नाही असे तुला काही दिसते का?”

तो जरा घुटमळला. म्हणाला, “मामा, आजीला हल्ली कमी ऐकू येते. तुम्ही सगळे तिच्या पाठीमागून बोलता. ती नुसती हसते.”

त्याला निरोप देण्यासाठी आम्ही पंचवीस माणसे जमलो होतो. खरा निरोप तो आम्हाला देऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून मी आईसमोर पाट मांडून जेवायला बसू लागलो.