काटकोनातला वजा

कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खालून मध्य रेल्वेच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसई मार्ग त्यांना ओलांडतो. नकाशात या दोन रेषा एकमेकींना छेदतात. छेद काटकोनात आहे का, हे तपासायचं शाळकरी सूत्र तुम्हाला आठवत असेल: दोन्ही रेषांच्या चढांचा गुणाकार −१ यायला हवा.

पण −१ च का? १ का नाही? या वजाचा इतिहास मला सूत्रापेक्षा जास्त आवडतो.

काटकोन फार जुना. शुल्बसूत्रांतले लोक यज्ञवेदीसाठी तो दोरीने आखत. देकार्तने १६३७ मध्ये वक्राला लंब काढायची रीत दिली, पण वर्तुळाच्या आधाराने, चढ न वापरता. समीकरणाच्या ऋण उत्तरांना तर तो 'खोटी' म्हणे. चढांचा हा नियम पाठ्यपुस्तकी रूपात आला अठराव्या शतकाच्या अखेरीस, मोंज आणि लाक्रुआ या फ्रेंच गणितींकडून.

त्याआधी साडेसहाशे वर्षं, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक त्रिकोण आहे: पाया ९, बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून लंब टाकला की तो पायाच्या बाहेर पडतो. पायाचे तुकडे येतात १५ आणि −६. भास्कराचार्य उत्तर फेकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट्या दिशेला, असं सांगतात आणि लंब ८ काढून मोकळे होतात. (त्यांनी निर्देशक भूमिती शोधली, असा फॉरवर्ड मात्र कृपया पाठवू नका. अक्ष, रेषेचं समीकरण, यातलं तिथे काही नाही.)

त्याच त्रिकोणाची १७ ची बाजू घ्या. ती १५ उजवीकडे जाते, ८ वर. चढ ८/१५. आता कागद डावीकडे पाव फेरा फिरवा. तीच बाजू ८ डावीकडे, १५ वर जाते. चढ १५/(−८). गुणाकार −१. वजा म्हणजे फक्त 'डावीकडे', लीलावतीतल्यासारखाच.

कोड लिहिताना मी हे सूत्र वापरत नाही. उभ्या रेषेला चढच नसतो, शून्याने भागाकार होतो. गवंड्याचा ओळंबा, म्हणजे सगळ्यात साधा लंब, नेमका तिथेच अडतो. म्हणून आडवी सरक आडवीशी, उभी उभीशी गुणायची आणि बेरीज बघायची: १५×(−८) + ८×१५. शून्य आलं की काटकोन. भागाकार नाही, पण वजा इथेही लागतोच.