वाट दाखवणारे माजी विद्यार्थी

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थ्यांचा सत्कार हा ठरलेला कार्यक्रम असतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, शेवटी सगळ्यांचे मिळून एक छायाचित्र. पाहुणे आपल्या गाडीने परत जातात. मागच्या रांगेत बसलेल्या बी.एस्सी.च्या मुलीच्या मनात मात्र एक प्रश्न तसाच राहतो. हे तिथपर्यंत पोचले खरे, पण यांना वाट कुणी सांगितली?

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. एका संशोधन शिष्यवृत्तीची जाहिरात आमच्या हाती पडली तेव्हा अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले होते. एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी आमच्या दोन वर्षे पुढे असलेल्या एका विद्यार्थ्याने पुण्याहून पत्र लिहून तारीख कळवली, अर्ज कसा भरायचा तेही कळवले. पत्र एक पानाचे होते. आमच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत त्या एका पानाचा वाटा फार मोठा आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहावा असे आम्हांला वाटले.

माजी विद्यार्थ्याला इंग्रजीत 'अ‍ॅलम्नस' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पोसलेला' असा आहे. ज्याला संस्थेने पोसले तो मोठा झाल्यावर काय करतो? अमेरिकेत विल्यम्स महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८२१ मध्येच आपला संघ स्थापन केला. येल विद्यापीठात १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू झाला. तिकडे ही परंपरा मुख्यतः पैशाच्या वाटेने वाढली. आपल्याकडे पैसा कमीच होता. त्यामुळे आपल्या माजी विद्यार्थ्यांनी दिला तो प्रामुख्याने वेळ.

सकाळचे शिक्षक

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतले विद्यार्थी आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण यांनी एक सभा काढली. तिच्या नावात साहित्याबरोबर विज्ञानही होते. दादाभाई नौरोजी हे तिच्यातले प्रमुख कार्यकर्ते. सभेत निबंध वाचले जात, चर्चा होई. तिची मराठी शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने ओळखली जाऊ लागली. पण नुसती चर्चा करून या तरुणांचे समाधान झाले नाही. १८४९ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि आपली कामे सांभाळून, मोकळ्या वेळात, स्वतःच तिथे फुकट शिकवू लागले. जगन्नाथ शंकरशेट यांनी शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. पुढे देणग्या मिळाल्या तेव्हा पगारी शिक्षक नेमता आले. दादाभाई स्वतः पुढे त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

त्या काळी उणीव होती ती शाळांची आणि शिकवणाऱ्यांची. जे नुकतेच शिकले होते, त्यांनी नेमकी तीच भरून काढायला घेतली.

छप्पर आणि ताट

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले. कॉलेज आले, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने अमरावतीत राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? ही अडचण पंजाबराव देशमुखांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होती. पापळसारख्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. शाळेसाठी त्यांना गावे बदलावी लागली. पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९२० नंतर इंग्लंड-स्कॉटलंड असा त्यांचा प्रवास झाला. एडिंबरोची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन ते परतले आणि त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. चिखलीचे श्री शिवाजी विज्ञान व कला महाविद्यालय याच संस्थेचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर अशा छात्रालयांतून आणि महाविद्यालयांतून निघाला आहे.

पुण्यातही हीच अडचण होती. गरीब विद्यार्थी तिथे वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कितीही आपुलकीने वाढले तरी त्यात मिंधेपणा येतोच. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती ग्रामीण भागातल्या गरजू मुलांना राहण्याजेवण्याची सोय मानाने मिळावी म्हणून. इथे मुले काम करून शिकतात. समितीतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे तिच्याच कामात हातभार लावतात. ज्याने काल ताट घेतले तो आज वाढायला उभा राहतो, अशी ही साखळी आहे.

आजची उणीव कोणती?

१९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालये त्याला जोडली गेली. आज तालुक्याच्या गावीही विज्ञानाची पदवी घेता येते. वसतिगृहे पुरेशी नाहीत, पण आहेत. शिष्यवृत्त्या आहेत. आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पुण्याला २००६ पासून आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था आहे. मग अडते कुठे? अडते ते माहितीपाशी. कोणती परीक्षा, केव्हा, कोणती कागदपत्रे, मुलाखतीत काय विचारतात, हे शहरातल्या मुलाला घरीच कळते. ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेले नाही त्याला ते सांगणार कोण?

या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्यातून एक उत्तर मिळाले आहे. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे शिक्षणासाठी पुण्याला गेले. मार्गदर्शन आणि आर्थिक आधार नसल्यामुळे नियमित महाविद्यालय सोडून त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी लागली. नंतर ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले. २०१७ मध्ये त्यांनी यवतमाळला 'एकलव्य' हे काम सुरू केले. नामवंत संस्थांमध्ये शिकणारे आणि शिकून गेलेले तरुण तिथे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षा, अर्ज आणि मुलाखती यांसाठी तयार करतात. पुढे २०२१ मध्ये केंद्रे स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. परदेशी विद्यापीठांचे अर्ज हाही आता त्या कामाचा भाग झाला आहे.

१८४८, १९३२, १९५५ आणि २०१७ ही वर्षे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक पिढीचा अडथळा वेगळा होता. कधी शाळा नव्हती, कधी छप्पर, कधी ताट, आता माहिती. पण तो अडथळा ज्यांनी नुकताच ओलांडला होता, त्यांनाच तो नीट दिसला. नदीच्या उतारात दगड कुठे आहे हे आताच पलीकडे गेलेल्यालाच ठाऊक असते. वीस वर्षांपूर्वी गेलेल्याच्या वेळचे पाणी वेगळे, पात्रही वेगळे.

शिक्षकांच्या हातात काय आहे?

महाविद्यालयांच्या नॅक मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा आला, त्यामुळे माजी विद्यार्थी संघ जागोजागी नोंदले गेले. २०२१ मध्ये केंद्र शासनाने 'विद्यांजली' योजना नव्या रूपात आणली, तिच्यात स्वयंसेवक आणि माजी विद्यार्थी यांना शाळांशी जोडण्याची सोय आहे. पण नोंदणी म्हणजे काम नव्हे. काम उभे राहायचे तर कुणीतरी दोघांची गाठ घालून द्यावी लागते आणि ते शिक्षकच करू शकतात.

त्यासाठी फार खर्चही नाही. एक वही घ्यावी. शाळेतून, महाविद्यालयातून गेल्या पाच वर्षांत कोण कुठे गेले ते तिच्यात लिहावे. डॉक्टर आणि अधिकारीच नव्हे, तर परिचारिका, प्रयोगशाळा साहाय्यक, आयटीआय करून कारखान्यात लागलेला मुलगा, कृषी पदविका घेतलेली मुलगी, सगळ्यांची नावे हवीत. मग प्रत्येकाकडे एकच लहान काम मागावे. कुणी परीक्षांच्या तारखांचा तक्ता दरवर्षी जूनमध्ये पाठवावा. कुणी दोन अर्ज तपासून द्यावेत. दिवाळीला गावी आलेल्याने एक दिवस प्रयोगशाळेत मुलांबरोबर काढावा. जो शहरात राहतो त्याने नव्या मुलाला बसस्थानकावर उतरवून घ्यावे आणि पहिले आठ दिवस त्याची चौकशी करावी. मुलीला बाहेरगावी पाठवायला घरचे कचरत असतील, तर तिथेच शिकून आलेल्या मुलीने त्यांच्या घरी जाऊन बोलावे. आईवडिलांना आमच्या भाषणापेक्षा तिचे बोलणे जास्त पटते, हा आमचा अनुभव आहे.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. मदत मागायला येणारी मुले बहुधा थोडी धीट असतात. जी येतच नाहीत त्यांची नावे शिक्षकांनीच माजी विद्यार्थ्याच्या हाती द्यायला हवीत.

आम्हांला पत्र लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे आभार मानायला आम्ही गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला की त्यालाही कुणीतरी असेच लिहिले होते. तेव्हापासून दर जूनमध्ये आम्हीही अशी काही पत्रे लिहितो. यंदाच्या जूनमध्ये आपल्या वहीतली पाच नावे काढून पाहायला काय हरकत आहे?