विंडोजवरील मराठी आणि प्रश्नचिन्हांचा इतिहास

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणारे सहसा खिळ्यांपाशी रेंगाळतात. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापलेले पंचांग, पुढे निर्णयसागरचा सुबक टाइप, मग ऑफसेट आणि शेवटी ‘त्यानंतर संगणक आला’ असे एक वाक्य. या एका वाक्यात तीन-चार दशके गुंडाळलेली असतात. त्या काळात मराठी मजकूर कोणत्या रूपात साठवला गेला, तो आज का वाचता येत नाही आणि पतसंस्थेच्या जुन्या यादीत सभासदाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग का दिसते, याची नोंद फारशी कुठे सापडत नाही.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. नागपुरात नोकरी सांभाळून, पुस्तके आणून व्हिज्युअल बेसिक शिकलो. गेली काही वर्षे छापखाने, वाचनालये आणि लहान संस्थांच्या अडगळीतल्या फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क उघडून त्यांतला मराठी मजकूर वाचण्याचा उद्योग करतो. तो करताना एक गोष्ट पक्की झाली : पडद्यावर दिसणारी प्रत्येक गडबड कागदपत्राइतकीच बोलकी असते. मजकूर कोणत्या साली, कोणत्या साधनाने लिहिला आणि त्याचे पुढे काय झाले, हे तिच्यावरून ओळखता येते.

दोनशे छप्पन्न घरे

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट मिळे आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे आकडे मावतात. आपल्याकडे विकल्या गेलेल्या इंग्रजी विंडोजमध्ये या २५६ घरांची वाटणी ‘कोड पेज १२५२’ या तक्त्याप्रमाणे असे. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि पश्चिम युरोपीय भाषांची अक्षरे होती. देवनागरीला त्यात जागा नव्हती.

भारतीय उत्तर मात्र त्याआधीच तयार होत होते. कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आले. सी-डॅकची स्थापना १९८८ची. याच काळात ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतपद्धती घडली आणि १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिली १२८ घरे इंग्रजीची आणि वरची भारतीय लिप्यांसाठी. अक्षर कसे दिसते यापेक्षा ते कसे उच्चारले जाते, हा तिचा पाया. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसली तरी साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी. डॉसच्या काळात संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की हा सगळा खटाटोप ते कार्ड सांभाळी.

१९९२मध्ये विंडोज ३.१ आले आणि सोबत ट्रूटाइप फॉन्ट आले. आता कोणत्याही घरात कोणतेही चित्र बसवता येऊ लागले. इंग्रजी ‘डी’च्या घरात ‘क’ काढला की काम भागले. कार्ड नको, खर्च नको. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. मराठी दिसे ती केवळ फॉन्टच्या कृपेने.

कृती देव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच असा साठतो. ही जुळणी मनाला येईल तशी केलेली नाही. ती रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळांवरून आली. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घडलेली बोटे त्याच कळा शोधत, म्हणून फॉन्ट बोटांप्रमाणे बनले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती या प्रत्येकाची घरांची वाटणी निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांची खिचडी.

नागपुरात हा गुंता दुप्पट झाला. १९५६पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्याची राजधानी होते आणि दोन्ही भाषांचा वावर इथे आजही आहे. सीताबर्डी-महालातल्या डीटीपीच्या दुकानांत एकच ऑपरेटर सकाळी हिंदी पत्रक आणि दुपारी मराठी लग्नपत्रिका लावी. हिंदी बहुधा कृती देवमध्ये, मराठी बहुधा श्रीलिपीत, आणि घाई असली तर मराठीही कृती देवमध्येच. त्यामुळे इथली जुनी फाइल हाती आली की पहिला प्रश्न भाषेचा नसतो, फॉन्टचा असतो.

छपाईला चालले, यादीला अडले

कागदावर छापायचे एवढेच काम असते, तर या पद्धतीत काही बिघडले नसते. अडचण आली ती प्रोग्रॅममध्ये. पतसंस्था, शाळा, वाचनालये, दवाखाने यांच्यासाठी गावोगावचे प्रोग्रॅमर विंडोजवर चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. सभासदांची यादी अकारविल्हे लावायची म्हटले की संगणक आपल्या समजुतीप्रमाणे इंग्रजी क्रम लावी. कृती देवमध्ये ‘क’ डीवर, ‘म’ ईवर, ‘ह’ जीवर, ‘प’ आयवर, ‘र’ जेवर, ‘स’ एलवर, ‘द’ एनवर, ‘व’ ओवर, ‘त’ आरवर आणि ‘अ’ व्हीवर. म्हणून यादीत कमला, मधुकर, हरी, पंढरी, रमेश, सदाशिव, दत्ता, वसंत, तुकाराम असे लोक येत आणि अनंत त्यांच्याही मागे.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत आणखी वेगळी. ती टंकयंत्रावर अक्षराच्या आधी मारतात आणि कृती देवमध्ये तिचे घर एफ. म्हणून किशोर, दिलीप, निर्मला, विजय ही सगळी मंडळी ‘म’ आणि ‘ह’ यांच्या मधोमध एका गठ्ठ्यात सापडत. रफार उलट बाजूचा. ‘वर्धा’ लिहिताना आधी व, मग धा आणि शेवटी रफार. उच्चारात ‘र्’ आधी येतो, साठवणीत तो शेवटी. असा मजकूर आजच्या पद्धतीत आणताना नुसती अक्षरामागे अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही. वेलांटी पुढे सरकवावी लागते आणि रफार काना ओलांडून मागे न्यावा लागतो. मराठीसाठी लिहिलेल्या कोणत्याही फॉन्ट-परिवर्तकाची खरी परीक्षा या दोन ठिकाणी होते.

प्रश्नचिन्ह कुठून आले

१९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतलेली. म्हणजे जगाने स्वीकारलेल्या पद्धतीच्या मुळाशी आपलेच काम होते. १९९३च्या विंडोज एनटीने आतून युनिकोड स्वीकारले, पण घरोघरी पोचलेली विंडोज ९५ आणि ९८ मुख्यतः जुन्या कोड पेजवरच चालत राहिली. विंडोज २०००मध्ये देवनागरी अधिकृतपणे आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. त्यानंतरच्या एक्सपीत देवनागरीची सोय होती, पण सुरुवातीला बंद. ‘रीजनल’च्या खिडकीत जाऊन जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीच्या चौकोनात खूण करावी लागे, मग ते विंडोजची सीडी मागे. ती सीडी बहुतेकांकडे नसे.

इथे एक निर्णय महत्त्वाचा ठरला. थाई, अरबी, रशियन या लिप्यांना विंडोजमध्ये जुन्या धाटणीची स्वतंत्र कोड पेजे मिळाली होती. हिंदी-मराठीला तसे कोड पेज दिले नाही. देवनागरी हवी तर युनिकोडच. तत्त्व म्हणून हे बरोबर होते. पण त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमला मराठी शिकवण्याचा मागचा दरवाजाच उरला नाही.

आणि जुने प्रोग्रॅम होते प्रामुख्याने व्हिज्युअल बेसिक ६मधले. हे साधन १९९८चे, शिकायला सोपे, म्हणून आमच्यासारख्या पदवी नसलेल्यांनाही जवळचे. त्याची अंतर्गत रचना युनिकोडची होती, मात्र त्याच्या नेहमीच्या चौकटी, म्हणजे नाव लिहायची जागा, यादी, बटण, या सर्व कोड पेजवर चालत. आतून मराठी अक्षर बाहेर यायला निघाले की दारावर २५६ नावांची यादी तपासली जाई. नाव यादीत नसले की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह.

आता पुढचे पाहा. अ‍ॅक्सेस २०००पासून डेटाबेसमध्ये मजकूर युनिकोडमध्ये साठे. म्हणजे आत ‘वसंत’ शाबूत. पडद्यावर मात्र चार प्रश्नचिन्हे : व, स, अनुस्वार, त. कारकुनाने पत्ता दुरुस्त करून सेव्हचे बटण दाबले आणि प्रोग्रॅमने चौकटीतला सगळा मजकूर परत आत लिहिला की नावाच्या जागी खरोखरीच चार प्रश्नचिन्हे जाऊन बसत. नागपुरातल्या एका पतसंस्थेची अशी फाइल मी पाहिली आहे. ज्या सभासदांच्या नोंदींना कोणी हात लावला नव्हता, त्यांची नावे जशीच्या तशी होती. ज्यांच्या नोंदी दक्षतेने अद्ययावत केल्या गेल्या, त्यांची गेली.

यावर उपाय शोधले गेले. ऑफिससोबत येणाऱ्या ‘फॉर्म्स २.०’ चौकटी युनिकोड दाखवत, पण त्या स्वतंत्रपणे वाटण्याचा परवाना नव्हता. प्रोग्रॅमरच्या यंत्रावर ऑफिस असे म्हणून सगळे नीट दिसे, गिऱ्हाइकाच्या यंत्रावर ते नसले की प्रोग्रॅम सुरूच होत नसे. एखादी फाइल नाही किंवा नोंदवलेली नाही, असा संदेश येई. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांचे दुखणे निराळे : स्तंभ युनिकोडचा ठेवला तरी आज्ञेत मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी कॅपिटल ‘एन’ लिहायचा राहिला की आत पुन्हा प्रश्नचिन्हेच. २००२मध्ये डॉटनेट आले आणि नव्या चौकटी युनिकोडच्या झाल्या. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६मध्ये प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाचा आधार एप्रिल २००८मध्ये थांबवला. पण लिहिलेले प्रोग्रॅम पुढेही चालत राहिले.

पाच लक्षणे

इतका इतिहास पाहिल्यावर लक्षणांवरून निदान करता येते. हाती आलेल्या फाइलमध्ये काय दिसते, ते आधी शांतपणे पाहावे.

अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसली, तर मजकूर १९९०च्या दशकातल्या पद्धतीचा, फॉन्टवर विसंबलेला आहे. तो सुरक्षित आहे. फॉन्ट ओळखला की वाचता येतो.

रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, फक्त त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. हाही सुरक्षित.

अक्षरे आहेत पण वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरे फुटलेली, मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ, असे असेल तर जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा बंद किंवा जुनी आहे. एक्सपीच्या काळातली ही हमखास खूण. मजकुराला धोका नाही.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ दर दोन-तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा आला, तर युनिकोडचा यूटीएफ-८ हा प्रकार कोणीतरी कोड पेज १२५२ समजून वाचला आहे. त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे आणि पहिला बाइट नेहमी तोच, म्हणून ही पुनरावृत्ती. योग्य रीतीने उघडल्यास मजकूर बहुधा परत मिळतो.

आणि फाइलच्या आतच प्रश्नचिन्हे असली, तर मजकूर गेला. सर्व अक्षरांचे एकच चिन्ह झाल्यावर त्यातून मूळ अक्षर काढण्याचा मार्ग नाही. जुनी प्रत किंवा कागदावरची नोंद एवढाच आधार. म्हणून पडद्यावर प्रश्नचिन्ह दिसताच पहिले काम एकच : काहीही सेव्ह न करता बाहेर पडणे आणि मूळ फाइलची प्रत काढून ठेवणे.

डोळ्यांना सारखे, यंत्राला निराळे

आज सर्वत्र युनिकोड आहे म्हणून प्रश्न मिटला, असे मात्र नाही. ‘ऑ’सारखाच इंग्रजी शब्दांत लागणारा ‘ॲ’ हा स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून तो लिहीत. दोन्ही छापील पानावर सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक दुसऱ्याला सापडत नाही. तसेच ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतला आडवा र. तो दोन पद्धतींनी साठवता येतो. नावांच्या यादीत ‘गोऱ्हे’ शोधले आणि मिळाले नाही, तर नाव नाही असे समजण्यापूर्वी दुसऱ्या पद्धतीने शोधून पाहावे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे, वर्णमाला आणि जोडाक्षरांची रीत ठरवली. पण अक्षराचे वळण ठरवणे आणि त्याची साठवण एकसारखी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे अजून बाकी आहे.

बखरी आणि मोडी कागदांबद्दल आपण हळहळतो, ते योग्यच. पण मोडी वाचणारे आजही आहेत आणि कागद शंभर वर्षे वाट पाहू शकतो. फ्लॉपी आणि सीडी तेवढी थांबत नाही. १९९० ते २०१० या काळातले विदर्भातले कितीतरी विशेषांक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, शेतकरी आणि कामगार संघटनांची पत्रके अशा फाइलींत पडून आहेत. छापील प्रती थोड्याच निघाल्या आणि त्याही विखुरल्या.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुना संगणक भंगारात निघाला, तर आधी त्याची हार्ड डिस्क उतरवून घ्या. मजकुराच्या फाइलींबरोबर त्यातला फॉन्टचा फोल्डरही जपा, कारण फॉन्टशिवाय त्या फाइली कुलूपबंद आहेत. कळांचा छापील तक्ता पाकिटात सापडला तर तोही ठेवा. फाइल कोणी, कधी, कोणत्या कामासाठी केली, हे एका चिठ्ठीवर लिहा. परिवर्तन केले तरी मूळ फाइल पुसू नका. नव्या परिवर्तकाला जुन्यापेक्षा अधिक वाचता येईल, पण त्यासाठी वाचायला काहीतरी शिल्लक असले पाहिजे.