ठराव, तळं आणि इमारत : लहान गावची नगरपालिका आणि तिच्यावरची नजर

मागच्या व्याख्यानात आपण राज्य म्हणजे काय, याचा विचार केला होता. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, हे दिल्ली-मुंबईचं झालं. आमच्या गावातल्या नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, त्याचं तत्त्वज्ञान काय?’ प्रश्न थट्टेत आला असेल, पण आम्हाला तो फार गंभीर वाटला. राज्यसंस्था माणसाला रोज भेटते ती नळावर, रस्त्यावरच्या दिव्याखाली, कचऱ्याच्या गाडीपाशी आणि आग लागली तर बंबाच्या घंटेत. म्हणून आज लहान गावची नगरपालिका, आणि तिच्यावर नजर कोणाची, हा विषय घेऊ. उदाहरण एकाच गावाचं घेऊ, महाडचं.

आधी थोडा कायद्याचा इतिहास बघू. कंटाळवाणा वाटेल, पण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. १८५० साली एक कायदा झाला. गावातल्या रहिवाशांची इच्छा असेल तर तिथे नगरपालिका स्थापन करता येईल, असा त्याचा साधारण भाव. १८७३ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने या कारभाराला घडी बसवली, पण सूत्रं मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती राहिली. मग १८८२ साली, १८ मे रोजी, लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव आला. त्यातला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. स्थानिक स्वराज्य आणायचं ते कारभार लगेच सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांचं राजकीय शिक्षण व्हावं म्हणून, असं रिपन यांचं म्हणणं होतं. आणखी एक व्यवहारी सूचना त्यात होती : नगरपालिकांवरचा पोलीसखर्चाचा बोजा काढावा, आणि तो पैसा लोकांच्या उपयोगाच्या कामांकडे वळावा.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे ‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस येतो. पण पोलीस राज्याचा, गावाचा नव्हे. मग गावाच्या वाट्याला सुरक्षिततेचं काय उरलं? याचं उत्तर १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात मिळतं. नगरपालिकेची जी बंधनकारक कर्तव्यं त्यात सांगितली, त्यांत रस्त्यांवर दिवाबत्ती करणं, झाडलोट, आग विझवणं आणि आगीत जीव-मालमत्तेचं रक्षण करणं, घातक धंद्यांवर नियंत्रण, मोडकळीला आलेल्या इमारती सुरक्षित करणं किंवा पाडणं, पाण्याची सोय, देवी टोचणं, जन्ममृत्यूची नोंद अशी कामं आहेत. पुढे १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा आला, त्याचाही सांगाडा बराचसा हाच. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय घातले. त्यांत पाणीपुरवठा आहे, अग्निशमन आहे, दिवाबत्तीही आहे.

म्हणजे कागद भरलेला आहे. आता प्रश्न असा की कागदावरून गावात कसं उतरायचं?

त्यासाठी महाडला जाऊ. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगडमधलं तालुक्याचं गाव. गावात चवदार तळं. चहूबाजूंनी रस्ते, पलीकडे घरं. तळं नगरपालिकेच्या ताब्यात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सरकारने तो उचलून धरला आणि अंमलबजावणीसाठी खाली पाठवला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला.

आता बघा. वर सरकारचा ठराव, खाली नगरपालिकेचा ठराव. कायद्याने सगळं जुळलेलं. आणि तळ्यावर? तिथे काहीच बदललं नाही. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांनी पाणी भरायला जावं, अशी परिस्थितीच कोणी निर्माण केली नाही. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या संस्था हे अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान सरकारने रोखावं. म्हणजे वरून देखरेख करण्याचं जे हत्यार आजही वापरतात, अनुदानाचं, ते तेव्हाही सुचलं होतं. तरी तळं बंदच.

इथे आम्हाला जॉन स्टुअर्ट मिल आठवतो. १८६१ साली प्रातिनिधिक शासनावरचा त्याचा ग्रंथ आला, त्यात स्थानिक संस्थांवर एक प्रकरण आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सत्ता वाटून द्यावी, पण ज्ञान एका ठिकाणी साठवावं. देशभरचा अनुभव मध्यवर्ती सत्तेकडे असतो, तिने तो खाली द्यावा, आणि तत्त्वं पाळली जातात की नाही हे पाहावं. गावाने आपल्या बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्यात. वाचताना पटतं. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात हे शिकवलं. पण महाडचं उदाहरण समोर ठेवलं की त्यातली एक उणीव दिसते. वरच्या सत्तेने तत्त्व सांगितलं, खालच्या सत्तेने ते मान्यही केलं, आणि दोघांनी मिळून ते पाळलं नाही. मिलच्या मांडणीत वरचा आणि खालचा असे दोन डोळे आहेत. तिसरा डोळा कोणाचा?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो माणसं शिस्तीत चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. याला आपण सत्याग्रह म्हणतो, समतेचा लढा म्हणतो, ते बरोबरच आहे. पण आजच्या विषयाच्या अंगाने पाहिलं तर ही आणखी एक गोष्ट होती. नगरपालिकेने केलेला ठराव खरा की खोटा, याची ती तपासणी होती. तीन वर्षं दप्तरात पडलेला कागद लोकांनी पायी चालत जाऊन वाचला, असं म्हणा हवं तर.

तपासणीचा निकाल लगेच लागला. परिषदेला आलेल्या माणसांना मारहाण झाली. नंतर शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. डिसेंबरात काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि दुसऱ्या परिषदेच्या वेळी तळ्यावर जाणं स्थगित करावं लागलं. दावा महाडच्या कोर्टात, मग ठाण्याला, मग हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळं फक्त सवर्णांनी वापरायचं अशी अनादि काळापासूनची प्रथा आहे, हा दावा सिद्ध झाला नाही, असं कोर्टाने ठरवलं. पाणी प्यायला लागलेला वेळ काही क्षणांचा, आणि निकाल यायला दहा वर्षं.

या प्रकरणाकडे नीट पाहा. नगरपालिका लोकनियुक्त होती ना? होती, पण कोणाची? त्या काळी नगरपालिकेचं मत कर आणि मालमत्तेशी बांधलेलं होतं. ज्यांना तळं बंद होतं त्यांच्यातल्या बहुतेकांना मतपेटीही बंद होती. रिपन ज्याला लोकांचं राजकीय शिक्षण म्हणत होते, त्या शाळेत अर्ध्याअधिक गावाला प्रवेशच नव्हता. म्हणून ठराव करणंही सोपं गेलं आणि फिरवणंही. गावातही माणसं होतीच, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी, ज्यांनी या चळवळीला साथ दिली. पण एखाद्या चांगल्या नगराध्यक्षाच्या भरवशावर सार्वजनिक हक्क सोडता येत नाही, हाही महाडचाच धडा आहे.

आता काळ बदलला. प्रौढ मताधिकार आला, १९६५ चा कायदा आला, मुख्याधिकारी आले. नगरपालिकेचा एखादा ठराव बेकायदा असेल किंवा लोकांना अपाय करणारा असेल तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. लेखापरीक्षण आहे. शासनाला नगरपालिका बरखास्तही करता येते. म्हणजे वरचा डोळा चांगलाच मोठा झाला. पण हा डोळा काय पाहतो? जे केलं ते पाहतो. जो ठराव झाला तो थांबवता येतो. जी तपासणी झालीच नाही, ती थांबवणार कशी? न केलेलं काम फाइलीत दिसत नाही.

पुन्हा महाडलाच येऊ. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडमध्ये एक पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. इमारत जुनी नव्हती, जेमतेम आठ-दहा वर्षांची होती. शोधकार्यासाठी एनडीआरएफची पथकं पुण्याहून, घाट उतरून यावी लागली. कोणाचा दोष किती, ते ठरवणं आमचं काम नाही, ते कोर्टाचं. पण १९०१ च्या कायद्यातलं ते वाक्य आठवा : धोकादायक इमारतींपासून लोकांचं रक्षण. शंभराहून अधिक वर्षं हे कर्तव्य कायद्यात आहे. दर पावसाळ्याआधी गावोगावी धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. त्या जुन्या वाड्यांना, चाळींना चिकटतात. जे जुनं दिसतं ते धोक्याचं, ही आपली समजूत. नवी, रंगवलेली इमारत आतून कशी आहे हे तिच्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. ते कळायला बांधकाम चालू असताना कोणीतरी जाऊन पाहावं लागतं. पाहणारा माणूस नगरपालिकेकडे आहे का? लहान नगरपालिकेत अभियंता एखाद-दुसरा. रस्ता, गटार, पाण्याची टाकी, बांधकाम परवाने, सगळं त्याच्याच टेबलावर.

दुसरी अडचण अशी की आज गावच्या सोयींचे मालक अनेक आहेत. रस्त्यावरचा खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा नगरपालिकेचा. पाणीयोजना बांधली जीवन प्राधिकरणाने, चालवायची नगरपालिकेने, आणि पंपाचं वीजबिल थकलं की पुन्हा महावितरण दारात. जकात गेल्यापासून लहान नगरपालिकांची शासनाच्या अनुदानाकडे नजर लागलेली. दिवा बंद पडला तर नागरिक कोणाला विचारणार? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जबाबदारी इतकी वाटली जाते की कोणाच्याच हाती उरत नाही.

एक लहानसा अनुभव सांगतो. आम्ही काही निवृत्त मंडळी काही वर्षांपूर्वी एका गावच्या पालिका कार्यालयात गेलो होतो. विचारायचं एवढंच होतं : गावात बंबाला पाणी भरण्याच्या जागा किती आणि त्यातल्या चालू किती? कारकून सज्जन होता. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि मग शांतपणे म्हणाला, ‘सर, हे आजवर कोणी विचारलंच नाही.’ आम्ही आधी हसलो. बाहेर आल्यावर मात्र हसू आलं नाही. कारण त्याने खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही चाळीस वर्षं त्या गावात राहिलो, कर भरला, मत दिलं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून तिसरा डोळा आपला. पण ‘नागरिकांनी जागरूक राहावं’ एवढं म्हणून भागत नाही. ते सुविचारासारखं फळ्यावर लिहून पुसलं जातं. महाडच्या माणसांनी काय केलं ते पाहा. त्यांनी एक नेमका ठराव घेतला, त्याची तारीख त्यांना माहीत होती, आणि तो जिथे लागू व्हायला हवा त्या ठिकाणी ते स्वतः गेले. आपणही तेच करू शकतो. गावच्या नगरपालिकेने गेल्या तीन वर्षांत पाणी, आग आणि इमारती याबद्दल कोणते ठराव केले, ते माहितीच्या अधिकारात मागू शकतो. त्यातला एक घेऊन त्या जागी जाऊन पाहू शकतो. आणि तिसरा प्रश्न, जो सगळ्यात अवघड आहे : या सोयीपासून गावातलं कोण अजून बाहेर आहे? कोणत्या वस्तीत बंब वळतच नाही, कोणत्या गल्लीत नळ शेवटी आणि पाणी थेंबभर?

हा तिसरा प्रश्न विचारला नाही तर पहिले दोन अपुरे राहतात. १९२४ साली ज्यांनी ठराव केला त्यांनाही वाटलं असेल की आपण गावासाठी केलं. गाव म्हणजे कोण, हे ठरलं ते तीन वर्षांनी, तळ्याच्या काठावर.

इथे थांबतो. आपल्या गावच्या ठरावांविषयी काही हाती लागलं तर अवश्य कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.